ॲपलवरचे पेटंटचे खटले: ज्युरीचा आकडा किती मनावर घ्यायचा?

प्रश्न
नोव्हेंबर २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने ॲपलने रक्तातला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं बनवणाऱ्या मॅसिमो कंपनीला पेटंटभंगापोटी ६३.४ कोटी डॉलर द्यावेत असा कौल दिला. अशा खटल्यांचा खरा फटका कसा जोखायचा? आणि वार्षिक अहवालात नेमकं काय बघायचं?

उत्तर १
ज्युरीचा कौल हा मधला टप्पा आहे. त्यानंतर न्यायाधीशांपुढे अर्ज होतात, मग फेडरल सर्किटमध्ये (पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयात) अपील. शिवाय पेटंट ऑफिसात पेटंटलाच आव्हान देता येतं. व्हर्नेटएक्स या पेटंटधारक कंपनीच्या खटल्यांनी दोन्ही टोकं दाखवली. एका खटल्यात २०२०मध्ये ॲपलला सुमारे ४५.४ कोटी डॉलर खरोखर मोजावे लागले. त्याच वर्षी दुसऱ्यात टेक्सासच्या ज्युरीने ५०.२८ कोटी ठरवले, पण पेटंटच अवैध ठरल्यामुळे २०२३मध्ये तो निकाल रद्द झाला. पेटंट ऑफिसातलं असं आव्हान खटल्याची नोटीस मिळाल्यापासून एका वर्षात द्यावं लागतं. ॲपलची मुदत टळून गेली होती. मॅन्ग्रोव्ह या फंडाने केलेल्या अर्जात ती सामील झाली, म्हणून निभावलं.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण मला पैशापेक्षा आयातबंदी जास्त गंभीर वाटते. ईबे खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २००६च्या निकालानंतर अमेरिकी जिल्हा न्यायालयात विक्री थांबवणारा मनाईहुकूम आपोआप मिळत नाही. म्हणून पेटंटधारक अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे (आयटीसी) जातात. आयोग भरपाई देत नाही, पण माल कस्टम्समध्ये अडवतो, आणि ॲपलचा जवळजवळ सगळा माल बाहेरूनच येतो.

मॅसिमोच्याच तक्रारीवर ऑक्टोबर २०२३मध्ये ॲपल वॉचच्या काही मॉडेलवर आयातबंदीचा आदेश निघाला. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आढाव्याचे ६० दिवस संपताच, ख्रिसमसच्या सुमारास तो लागू झाला. मग काही आठवडे स्थगिती, आणि १८ जानेवारी २०२४पासून अमेरिकेत रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची सोय काढून घड्याळं विकावी लागली. (तिकडून कोणी घड्याळ आणणार असेल तर पार्ट नंबर बघा: शेवटी 'एलडब्ल्यू/ए' असेल तर ते त्यातलंच.) ऑगस्ट २०२५मध्ये सोय परत आली ती वेगळ्या रचनेत: मोजमाप घड्याळात, आकडेमोड आयफोनवर.

६३.४ कोटींचा कौल ज्या पेटंटवर आहे त्याची मुदत २०२२मध्येच संपली. त्यामुळे तिथे प्रश्न फक्त मागच्या पैशांचा आहे, विक्री थांबण्याचा नाही. कौल वाचताना पेटंटची मुदत आधी बघा.

प्रश्नकर्ता
आणि अहवालातलं?

उत्तर ३
१०-के (अमेरिकी कंपन्यांचा वार्षिक अहवाल) मधला आयटम ३ (खटल्यांची माहिती), आयटम १-ए मधले धोके आणि ताळेबंदाच्या टिपा एकत्र वाचा. अमेरिकी हिशेबपद्धतीत तोटा होण्याची दाट शक्यता असेल आणि रकमेचा वाजवी अंदाज येत असेल तेव्हाच तरतूद करतात. त्यामुळे अपिलात असलेला कौल आकड्यांत दिसेलच असं नाही. तडजोडी तर अजून झाकलेल्या राहतात. एप्रिल २०१९मध्ये चिप बनवणाऱ्या क्वालकॉमशी समझोता झाला, त्याची रक्कम ॲपलने सांगितली नाही. क्वालकॉमच्या तिमाही निकालात मात्र त्यापोटी ४७० कोटी डॉलरचं उत्पन्न दिसलं. म्हणून समोरच्या पक्षाचा अहवाल आधी उघडा. ॲपलच्या लेखी किरकोळ असलेली रक्कम त्याच्या लेखी मोठी असू शकते, मग ती तिथे दिसण्याची शक्यता जास्त.