'पब्लिक अॅक्सेप्टन्स'ला मराठीत काय म्हणाल? (संदर्भ: पतंगाची वीज)

शाईदौत: एका मासिकासाठी भाषांतर करतोय. विषय, पतंगापासून वीज. पतंग दोर ओढत वर जातो तसं खालचं जनित्र फिरतं. मग थोडी वीज खर्चून दोर गुंडाळायचा, की पुन्हा ढील. आयर्लंडच्या मेयो परगण्यात बँगर एरिसला २०२३ मध्ये चाचण्या सुरू झाल्या, उत्तर जर्मनीत क्लिक्सब्युलला स्कायसेल्स कंपनीचा असा पतंग उडालाय. आसपासच्या रहिवाशांना हे कितपत चालतं, असा लेखाचा रोख. मी 'लोकस्वीकृती' लिहिलं, संपादकबाईंनी 'लोकमान्यता' केलं. पटत नाही.

माजघर: लोकमान्यता म्हटलं की टिळकच समोर येतात. शिवाय मान्यता शाळांना मिळते, सरकारकडून.

तिरकस_तात्या: आणि 'स्वीकृत' म्हणजे? स्वीकृत नगरसेवक! ज्याला लोकांनी निवडलेलंच नसतं तो. लेखाला चपखल आहे, राहू द्या.

माजघर: 😀 मग 'लोकसंमती'?

डोंगरवाट: संमतीला आधी कुणीतरी विचारावं लागतं. आमच्या साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा 'ही पाती ढग पळवतात, म्हणून पाऊस नाही' असं माणसं छातीठोकपणे सांगायची. शास्त्राचा आधार शून्य, पण राग खरा होता. जमिनीचे व्यवहार कसे झाले ते त्या रागात मुरलेलं होतं. आपल्याकडचा खरा शब्द 'ना हरकत'. ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला की झाली स्वीकृती.

शाईदौत: पण क्लिक्सब्युलजवळच्या लोकांना संशोधकांनी पतंग आणि पवनचक्की दोन्हींबद्दल विचारलं, तर एकूण मतात फार फरक निघाला नाही. तिथे 'ना हरकत' फारच सरकारी वाटेल.

शुद्धमती: मुळात 'पतंग' तरी कशाला? आपला जुना शब्द वावडी. वाव म्हणजे वारा, त्यावरून वावडी. 'वावडी-वीज' किती गोड!

तिरकस_तात्या: वाव म्हणजे वारा कुठून काढलंत? आणि 'वावडी-वीज' छापून आली की वावड्याच उठतील. लोकांना वावडीचं वावडं आहे की नाही, हाच तर लेखाचा विषय.

शुद्धमती: थट्टा करा. इंग्रजी गिळायचं आणि मराठीला हसायचं.

डोंगरवाट: थट्टा नाही ताई, शब्द चालायला तर हवा. बरं शाईदौत, पतंग जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या 'टेदर'ला काय केलंत? 'मांजा' लिहू नका. नायलॉन मांजाने कापलेले गळे आणि पक्षी वाचकाच्या डोक्यात आहेत. पहिल्याच परिच्छेदात तुमची स्वीकृती कटली म्हणून समजा.

शाईदौत: 'दोर'च केलाय. डायनीमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचा जाड दोर असतो तो. खाली दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला, म्हणजे विंचला, मात्र 'आसारी' म्हणायचा मोह होतोय.

संत्रीबर्फी: आसारी काय? चक्री! अख्खं नागपूर चक्री म्हणतं.

पैठणीचा_काठ: येवल्यात संक्रांतीला या आणि चक्री मागून दाखवा. बांबूची, दोन्ही मांड्यांवर ठेवून फिरवायची, ती आसारी.

माजघर: मुंबईत फिरकी हो.

शुद्धमती: फिरकी गोलंदाज टाकतात.

संत्रीबर्फी: पैठणीचा_काठ, मांडीवर ठेवून ढील देता? मग पेच लावताना उठता कसे?