घरी ऑइल बदलताना फरशीवर थेंबही पडू नये, हे शक्य आहे का?

तिसरा गिअर (धागालेखक)

वॉरंटी संपल्यापासून गेली सहा वर्षे मी माझ्या लहान पेट्रोल गाडीचे ऑइल घरीच बदलत आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे, ते चर्चेसाठी मांडतो. घरी ऑइल बदलण्यात इंजिनाच्या दृष्टीने अवघड असे फारसे काही नाही. लोक हे काम एकदा करून सोडून देतात ते घाणीमुळे, आणि ती घाण होते ती ऑइल खालूनच काढायचे या हट्टामुळे.

पहिल्या वर्षी मीही रीतसर खालूनच काढले होते. इंजिन दहा मिनिटे चालवून ऑइल कोमट केले, पुढची बाजू उचलून दोन्हीकडे जॅक स्टँड लावले, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरखाली घमेले सरकवले आणि चेंबरचा नट सोडला. ज्यांनी हे केले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. नट सुटल्याबरोबर धार सरळ खाली पडत नाही; ती आधी आडवी उडते आणि चेंबर रिकामा होत आला की हळूहळू मागे येत नटाच्या अगदी खाली ठिबकू लागते, म्हणजे घमेले सुरुवातीला जिथे हवे असते तिथे ते शेवटी उपयोगाचे नसते. त्यातच नट बोटांतून निसटून घमेल्यात पडला, तो चाचपडताना ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, आणि फिल्टर सोडला तेव्हा त्यातले उरलेले ऑइल जॅकच्या दांड्यावर आले. पावशेर तरी ऑइल फरशीत, बाहीत आणि केसांत गेले असावे. फरशीचा डाग अजून आहे.

दुसऱ्या वर्षी मी हाताने दट्ट्या मारून निर्वात करता येणारा सहा लिटरचा पंप घेतला. ऑइलची पातळी पाहायची गेजपट्टी काढायची, तिच्या नळीतून पंपाची बारीक नळी तळाला टेकेपर्यंत आत सोडायची, दहा-पंधरा दट्टे मारायचे आणि चहा प्यायला जायचे. परत येईपर्यंत जुने ऑइल पंपाच्या बंद टाकीत आलेले असते. टाकीवर खुणा असल्यामुळे किती निघाले हे नेमके कळते आणि नवे किती भरायचे याचा अंदाजही त्यावरून घेता येतो. गाडी उचलावी लागत नाही, नटाला हात लावावा लागत नाही, नटाखालची चकती, म्हणजे वायसर, बदलावा लागत नाही. फिल्टर माझ्या गाडीत बंपरच्या मागून हात घालून निघतो. त्याला आधी जाड प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवायची, मग पिशवीवरूनच फिरवून तो पिशवीतच उतरवायचा. गेल्या चार खेपांत खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर दोन-तीन ठिपक्यांपलीकडे काही पडलेले नाही.

तरीही जाणकार मंडळी हा मार्ग कमअस्सल मानतात. त्यांची कारणे मला ऐकायची आहेत.

वायसर

कारणे देतो. चेंबरच्या तळाशी जो गाळ बसतो, तो कोमट ऑइलच्या पूर्ण धारेबरोबर बाहेर पडण्याची शक्यता अधिक असते. बारीक नळी जिथे टेकेल तिथलेच ऑइल ओढते. काही इंजिनांत गेजपट्टीची नळी चेंबरच्या सर्वांत खोल भागापर्यंत पोहोचतच नाही, तर कधी पंपाची नळी आत वेटोळे घालून वरच राहते आणि आपण समजतो की काम झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्षातून एकदा गाडीखाली जाणे ही स्वतःच एक तपासणी आहे. नटाच्या टोकाला चिकटलेला धातूचा कीस, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले रबर, कुठल्या तरी सीलमधून झिरपणारे ऑइल, खड्ड्यात आपटून चेंबरला पडलेला पोचा, हे सगळे वरून चहा पिताना दिसत नाही.

आणि आपण वर्णिलेली घाण ही पद्धतीची नसून सवयीची आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. पान्याने नट फक्त सैल करायचा, नंतर तो बोटांनी आतल्या बाजूला दाबून धरत फिरवायचा आणि शेवटचा आटा सुटला की झटक्यात बाजूला न्यायचा. दाबून धरल्यामुळे तोपर्यंत ऑइल बाहेर येत नाही. हात कोपरापासून वर न ठेवता आडवा ठेवला, तर ऑइल बाहीत शिरत नाही. घमेल्याऐवजी रुंद, उथळ आणि काठ असलेले भांडे घेतले, तर धारेची सुरुवात आणि शेवट दोन्ही त्यात मावतात. वायसर दर वेळी नवाच घालावा, कारण तो दाबला जाऊन बसण्यासाठीच बनवलेला असतो. जुनाच पुन्हा वापरून ठिबक थांबत नाही म्हणून लोक नट आणखी आवळतात, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे नेमके त्यातच जातात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पान्याने द्यावा.

तिसरा गिअर

गाळाच्या शंकेची मी चाचणी घेतली आहे. एकदा पंपाने पूर्ण उपसा झाल्यावर मुद्दाम खालचा नट सोडून पाहिला, तेव्हा जेमतेम अर्धी वाटी ऑइल निघाले. माझ्या गाडीत फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास ऑइल बसते, म्हणजे मागे राहिलेले तीन टक्क्यांच्या घरात येते. खालून काढले तरी इंजिनाच्या वरच्या वाहिन्यांत ऑइल राहतेच. म्हणून तर अनेक पुस्तिकांत कोरड्या इंजिनाला लागणारे ऑइल आणि बदलताना लागणारे ऑइल, असे दोन वेगळे आकडे असतात. गाडीखालच्या तपासणीचा मुद्दा मात्र मान्य आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

घाटवाट

या दोन टोकांच्या मधला एक उपाय कोणीच सांगितला नाही. ड्रेन नट काढून त्याच आट्यांवर छोटी तोटी बसवता येते. जपानी बनावटीच्या अशा तोट्या बऱ्याच वर्षांपासून मिळतात. तोटीला नळी जोडायची, नळीचे दुसरे टोक थेट डब्यात सोडायचे आणि दांडी फिरवायची, की धार हवेत येतच नाही. नट, वायसर आणि आटे हे तिन्ही प्रश्न कायमचे मिटतात. मी तीन वर्षांपूर्वी बसवली आणि आता दीराच्या गाडीलाही तीच बसवून दिली आहे.

वायसर

ताई, आपल्या गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे, हे एकदा मोजून पाहावे अशी विनंती आहे. आपल्याकडच्या लहान गाड्यांना १६० ते १७० मिलिमीटर जागा असते, आणि चार माणसे नि सामान भरल्यावर तीही कमी होते. गावोगावी लोकांनी स्वतःच्या हाताने घातलेले गतिरोधक पाहता, चेंबरच्या खाली बोटभर पुढे आलेली तोटी मला परवडणारी वाटत नाही. ती तुटली तर रस्त्यावर तीन लिटर ऑइल आणि मागोमाग इंजिन, अशी ती स्वस्ताई आहे.

घाटवाट

माझ्या गाडीच्या चेंबरला नट तळाला नसून मागच्या उभ्या बाजूला आहे, त्यामुळे तोटी चेंबरच्या पातळीखाली येत नाही. ज्यांचा नट अगदी तळाला आहे त्यांनी ती बसवू नये, हे मी लिहायला हवे होते.

सदनिका क्रमांक पाच

आपण सर्वजण जी चर्चा करत आहात, ती बंगल्याचे अंगण गृहीत धरून चालली आहे. मी एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, आणि सिमेंटचा ब्लॉक ऑइल पितो. वर भुसा टाकून झाडले तरी पिऊन झालेले ऑइल बाहेर येत नाही. मागच्या वर्षी एका सभासदांनी पार्किंगमध्ये गाडी उचलून ऑइल काढले. तेवढ्यात पाऊस आला, आणि इंद्रधनुषी तवंग थेट पावसाळी गटाराच्या जाळीपर्यंत गेला. शिवाय गाडीबरोबर आलेल्या साध्या जॅकवर, खाली स्टँड न लावता, ते गृहस्थ गाडीखाली झोपले होते आणि शेजारी मुले सायकली चालवत होती. तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाने खाली जाण्यासाठी नव्हे. वर्षातून एकदा वाचणाऱ्या काही शे रुपयांसाठी सामाईक जागेत हे चालू द्यावे, असे मला तरी वाटत नाही.

सॅक्रामेंटोकर

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे घरी ऑइल बदलणे सोपे वाटते, त्यात पंप किंवा तोटीपेक्षा मोठा वाटा जुने ऑइल नेऊन देण्याच्या सोयीचा आहे. सुट्या भागांची मोठी दुकाने ते विनामूल्य घेतात, आणि राज्याची मान्यता असलेल्या संकलन केंद्रांवर तर एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, ४० सेंट मागता येतात. रक्कम क्षुल्लक आहे, पण डबा गटारात ओतण्याचा विचारही मनात येत नाही. एका वेळच्या बदलात निघालेले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडे पाणी खराब करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. पुण्यात किंवा नाशकात ते तीन लिटर नेमके कुठे जातात, हे धागालेखकांनी अजून सांगितलेले नाही.

तिसरा गिअर

खरे सांगायचे तर पहिली दोन वर्षे ते गावी गेले. आजोबा गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल लावत असत, तीच पद्धत घरात चालू होती. पुढचे डबे एका सेंट्रिंगवाल्याने फळ्यांना लावण्यासाठी आनंदाने नेले. मला त्यात काही गैर वाटले नव्हते.

गॅरेजवाला, सातारा रोड

मी एकवीस वर्षे या धंद्यात आहे, आणि ग्राहक घरी ऑइल बदलू लागले तर माझेच नुकसान आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या हिशेबानेच वाचावे.

पंपाला माझा विरोध नाही. काही महागड्या गाड्यांचे ऑइल अधिकृत वर्कशॉपमध्येही वरूनच ओढतात, आणि त्यांची इंजिने काही बसलेली नाहीत. माझा विरोध आहे तो वाळवीला आणि सेंट्रिंगला. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली घातक हायड्रोकार्बन्स आणि झिजलेल्या धातूंचे कण उतरलेले असतात. असे ऑइल उंदरांच्या कातडीवर पुन्हा पुन्हा लावल्यावर त्यांना कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माझ्याकडे काम करणारी मुले आता नायट्राइलचे हातमोजे घालूनच फिल्टरला हात लावतात. आम्ही तरुण असताना तेच ऑइल चिंधीने पुसून भाकरी खात होतो. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेले ऑइल येते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४पासून तर ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. प्रत्यक्षात आमच्या धंद्यातलेही बरेच बॅरल सेंट्रिंगकडेच जातात, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्याकडे दोनशे लिटरचे बॅरल भरते त्याच्याकडे ते गोळा करणारी गाडी येते, आणि तीन लिटरच्या डब्यासाठी कोणी येत नाही. घरच्या ऑइलबदलाची खरी अडचण इथे आहे.

म्हणून एक सुचवतो. ओळखीच्या गॅरेजात आधी विचारून तो डबा नेऊन द्या. मी घेतो, पण तीन अटींवर: त्यात पाणी, कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेले नसावे, डबा खाण्याच्या तेलाचा नसावा, आणि फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळून वेगळा आणावा. नव्या ऑइलचा रिकामा डबा त्यासाठी उत्तम. जुने ऑइल माझ्या बॅरलमध्ये ओतले की डब्याला तिथेच भोक पाडतो, नाहीतर तोच डबा भंगारातून फिरून नकली ऑइल भरून पुन्हा बाजारात येतो.

सदनिका क्रमांक पाच

गॅरेजवाल्यांच्या अटी मला आमच्या नियमावलीपेक्षा स्पष्ट वाटल्या. गाडी उचलायची नाही, खाली ताडपत्री आणि तिच्यावर पुठ्ठा पसरायचा, काम पावसाळ्याबाहेर करायचे आणि डबा त्याच संध्याकाळी आवाराबाहेर न्यायचा, एवढे मान्य असेल तर पंपाने वरून ऑइल काढण्यास मी पुढच्या सभेत विरोध करणार नाही. खालून काढण्यास मात्र करीन.

वायसर

म्हणजे माझी पद्धत आवारातून हद्दपार झाली. हरकत नाही, मी दर दुसऱ्या खेपेला गाडी सातारा रोडच्या पिटवर नेऊन चेंबर खालून उघडीन आणि मधल्या खेपेला आपला पंप उसना मागीन. धागालेखकांनी त्याच्या नळीचा व्यास तेवढा कळवावा, कारण माझ्या गाडीच्या गेजपट्टीची नळी फारच अरुंद आहे.

तिसरा गिअर

पंपाबरोबर वेगवेगळ्या जाडीच्या तीन नळ्या आल्या होत्या. सर्वांत बारीक सहा मिलिमीटरची आहे. ती घातली तर वेळ मात्र दुप्पट लागतो, तेव्हा चहा दोनदा करावा लागेल.