मदत हवी आहे : १९११ पिस्तुलाच्या प्रतिकृतीत गोळी अडकते

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये राहतो. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले .४५ कॅलिबरचे पिस्तूल मला मनापासून आवडते. अस्सल जुने परवडत नसल्याने मी त्याची स्वस्त प्रतिकृती घेतली. २३० ग्रेन (सुमारे १५ ग्रॅम) वजनाच्या गोल टोकाच्या गोळ्या नेमबाजीच्या रेंजवर सुरळीत चालतात (मूळ रचना त्यांच्यासाठीच होती), परंतु पोकळ टोकाच्या गोळ्या भरल्या की सात गोळ्यांच्या मॅगझिनमधली शेवटची गोळी चेंबरपुढच्या (नळीत गोळी बसते त्या जागेपुढच्या) उतारावर अडकते आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अर्धवट उघडी राहते. दोष मॅगझिनच्या स्प्रिंगचा असावा, की एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण जास्त असावा? उतार घासून गुळगुळीत करून घेण्याआधी दुसरे मॅगझिन वापरून पाहावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.