मदत हवी आहे: भयकथेत 'मी' वाचणार हे आधीच कळतं, काय करू?

अंतराळयानावरची भयकादंबरी लिहितेय, सहा प्रकरणं झालीत, सगळी प्रथमपुरुषी भूतकाळात, आणि आता डोक्यात आलं की "मी दार उघडलं" म्हटलं की गोष्ट सांगणारी नायिका जगली हे वाचकाला कळतंच ना, मग भीती कसली! वर्तमानकाळात एक प्रकरण लिहून बघितलं, "मी दार उघडते" वगैरे, थरार येतो पण दहा पानांत धाप लागते (मलाच). तृतीयपुरुषी केलं तर गोष्टीतला परजीवी नायिकेच्या मेंदूत शिरल्यावर तिची भाषाच बदलत जाते ती सगळी मजा जाते. 1818 च्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीमध्ये पत्रांच्या आत कहाणी आणि तिच्या आत राक्षसाची कहाणी आहे, तसं यानाच्या लॉगमधून (प्रवासाच्या नोंदींमधून) सांगू का? की तेही घासून गुळगुळीत झालंय? मधेच काळ बदलला तर वाचताना खटकतं का?