गुरखा सैनिक, १९४७ चा त्रिपक्षीय करार आणि निवृत्तिवेतन

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात ब्रिटिश सैन्यातील गुरख्यांना भाडोत्री सैनिक म्हटले आहे, आणि त्यावरून आपल्या चर्चा-यादीवर बरीच भवति न भवति झाली. माझी शंका साधी आहे. इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातील आल्डरशॉट-फार्नबरो भागात आपल्या शेजारी राहणारे निवृत्त गुरखे जर सैन्याचे बरोबरीचे घटक होते, तर त्यांना निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे का? जाणकारांनी खुलासा करावा.

*

सप्रेम नमस्कार,

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण बरोबरीची अपेक्षा आणि कमी वेतन या दोन्ही गोष्टी एकाच कराराच्या कागदांत आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८१४ मध्ये इंग्रज-नेपाळ युद्धात डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या गढीवर नेपाळी सेनानी बलभद्र कुँवर यांनी इंग्रज फौजेला असे झुंजवले की जनरल गिलेस्पी तेथेच पडला. युद्ध पुरते संपण्याआधीच, १८१५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने नसिरी, सिरमूर आणि कुमाऊँ या गुरखा पलटणी उभ्या केल्या. खुद्द बलभद्र मात्र पुढे रणजितसिंहांच्या चाकरीत गेले आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याच्या लढाईत मारले गेले. तेव्हा परक्या फौजेतली नोकरी ही काही एकट्या इंग्रजांची करणी नव्हे. १८५७ मध्ये सिरमूर पलटणीने दिल्लीच्या टेकडीवर जो वाडा तीन महिन्यांहून अधिक काळ लढवला, तो बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदुराव घाटगे यांचा होता, आणि त्या पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ जण तेथे ठार किंवा जखमी झाले. आपल्याकडे या वाड्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. फाळणीच्या वेळी गुरख्यांच्या दहा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि दुसरी, सहावी, सातवी व दहावी या चार ब्रिटनकडे गेल्या. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी काठमांडूत नेपाळ, भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या त्रिपक्षीय करारासोबतच्या सूचनांमध्ये नेपाळ सरकारने स्पष्ट नोंदवले होते की बढती, कल्याण आणि इतर सोयी यांबाबत गुरखा पलटणींना त्या त्या सैन्यातील अन्य पलटणींच्या बरोबरीने वागवावे, म्हणजे भाडोत्रीपणाचा कलंक कायमचा पुसला जाईल. मात्र मूळ वेतन भारतीय सैन्याच्या दरांना धरून ठरले, आणि परदेशातील महागाईसाठी त्यावर वेगळा भत्ता देण्यात आला. दोन्ही सैन्ये एकाच डोंगरांतून माणसे उचलणार होती. ब्रिटिशांनी दुप्पट-तिप्पट पगार दिला असता तर भारतीय पलटणींकडे कोण वळले असते? त्या वेळेपुरता हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण निवृत्तिवेतनही त्याच दरांवर बेतले गेले आणि त्यासाठी पंधरा वर्षांची सेवा आवश्यक धरली गेली. मलाया आणि बोर्निओतील मोहिमा आटोपल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ब्रिटनने गुरखा दलात मोठी कपात केली, तेव्हा पंधरा वर्षे न भरलेले कित्येक जवान निवृत्तिवेतनाविना डोंगरांत परतले. १९६९ मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट स्थापन झाला तो अशांच्या आधारासाठी. सरकारची जबाबदारी धर्मादाय संस्थेच्या गळ्यात पडावी, हे मला आजही पटत नाही.

जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारनाम्याप्रमाणे युद्धात उतरलेल्या देशाच्या नियमित सैन्याचा सदस्य भाडोत्री ठरत नाही. म्हणून लेखातील तो उल्लेख काढावा, असे माझे मत आहे.

*

सप्रेम नमस्कार,

सविस्तर उत्तराबद्दल आभार. कायद्याची बाजू पटली, तरी माझे समाधान अर्धेच झाले आहे. २९ एप्रिल २००९ रोजी ब्रिटिश संसदेत सरकारचा २६७ विरुद्ध २४६ मतांनी पराभव झाला आणि त्यानंतर १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांनाही येथे स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. पण त्यांचे निवृत्तिवेतन काठमांडूच्या मापाचेच राहिले आणि घरभाडे मात्र हॅम्पशरचे भरावे लागले. गुरखे निवृत्तीनंतर नेपाळमध्ये राहणार म्हणून निवृत्तिवेतन कमी, हा युक्तिवाद त्या दिवशीच निकालात निघायला हवा होता. २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनच्या बाजूने निर्णय दिला हे खरे, तरी २०२१ च्या ऑगस्टमध्ये हीच मंडळी पंतप्रधान निवासासमोर तेरा दिवस उपोषणाला बसली होती.

तेव्हा लेखातील तो उल्लेख जरूर काढावा, मात्र त्याच्या जागी नुसती शौर्याची स्तुती न घालता वेतनाच्या अटीवर एक परिच्छेद द्यावा, अशी संपादक मंडळास विनंती आहे. जागा उरल्यास भारताची बाजूही यावी: २०२२ मध्ये अग्निपथ योजनेतील चार वर्षांची सेवा १९४७ च्या कराराशी जुळत नाही, अशी भूमिका नेपाळने घेतली आणि आपल्या गोरखा रेजिमेंटमधली नेपाळी तरुणांची भरती ठप्प झाली.