आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) आधी तंबाखू किती दिवस बंद हवी? त्यात मिश्रीही धरायची का?

समुपदेशक_सातारा
केंद्रावर येणाऱ्या जोडप्यांसाठी एक पानी पत्रक करते आहे. नेहमी दिसणारं उदाहरण घ्या: नवरा 36 वर्षांचा, रोज 10-12 सिगारेटी, सीमेन (वीर्याचा) रिपोर्ट नॉर्मल. बायको 33, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1.4, "मला कसलंच व्यसन नाही" म्हणते, पण दोन्ही वेळा मिश्री लावते. अंडी वाढवायची इंजेक्शनं पुढच्या पाळीपासून सुरू व्हायची आहेत. सायकल, म्हणजे उपचाराची ही फेरी, पुढे ढकला म्हणावं का? आणि निकोटीन गम चालतो का?

लॅब_खिडकी
आधी नवऱ्याचं बघू. शुक्राणू तयार व्हायला साधारण 72-74 दिवस लागतात, त्यापुढे बाहेर येईपर्यंत आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज सिगारेट सुटली तर धुराबाहेर वाढलेला पहिला नमुना तीन महिन्यांनी मिळणार. पिक-अपच्या (अंडी काढण्याच्या) आधी आठवडाभर पाळलेल्या पथ्याचा लॅबमध्ये काडीचा उपयोग नाही.

"रिपोर्ट नॉर्मल आहे की!" हे पत्रकात खोडून काढाच. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या आवृत्तीप्रमाणे मिलीलिटरला 16 दशलक्ष शुक्राणू आणि पुढे सरकणारे 30 टक्के भरले की रिपोर्ट पास. डीएनए तुटलेला आहे का, ते त्यात कळत नाही. त्यासाठी डीएफआय, म्हणजे तुटलेल्या डीएनएची तपासणी, वेगळी सांगावी लागते. इक्सी (एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडणं) केली तरी सुईत घेतो तो शुक्राणू आकार आणि चाल बघूनच. बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ छान दिसतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गर्भाची स्वतःची जनुकं, म्हणजे बापाकडची सुद्धा, कामाला लागतात आणि तिथे वाढ अडते. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (पुढच्या टप्प्यापर्यंत वाढलेले गर्भ) मोजकेच, आणि खापर फुटतं बाईच्या अंड्यांवर.

डॉ_प्रजनन
बाईच्या बाजूला दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत नको. संपलेला अंड्यांचा साठा परत येत नाही. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी एक ते चार वर्षं आधी जाते, ती याचमुळे. सोडल्यावर एएमएच चढेल अशी आशा दाखवू नका. पण या सायकलमध्ये वाढणारं अंडं शेवटचे सुमारे तीन महिने ज्या द्रवात वाढतं, त्यात निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन आणि कॅडमियम हा विषारी धातू दोन्ही सापडतात. हा भाग आपल्या हातात आहे. ओढणाऱ्या बायकांना इंजेक्शनांचा डोस जास्त लागतो, अंडी कमी मिळतात, गर्भपात आणि नळीतल्या गर्भाचा धोका वाढतो. एका गर्भधारणेसाठी सायकली जवळजवळ दुप्पट लागतात.

33 वय आणि 1.4 एएमएचला तीन महिने थांबायला माझी हरकत नाही.

समुपदेशक_सातारा
आणि 39 वय, एएमएच 0.6 असेल तर, सर?

डॉ_प्रजनन
मग थांबू नका. तिने आजपासून बंद करायचं, अंडी काढायची, गर्भ गोठवायचे आणि ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) तेवढी पुढे न्यायची. गर्भाशयाच्या अस्तरावरही धुराचा परिणाम होतो: दात्याची अंडी घेऊनसुद्धा जास्त ओढणाऱ्या बायकांत गर्भ कमी राहतात. नवऱ्याचा नमुना मात्र जुन्याच साठ्यातला असणार, हे दोघांना आधी स्पष्ट सांगा. त्याला घरात ओढू देऊ नका. तिने स्वतः ओढली नाही तरी त्याचा धूर तिच्यापर्यंत पोचतोच.

व्यसनमुक्ती_ओपीडी
मिश्री धरायचीच. ती भाजलेली तंबाखूच आहे, निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, आणि गरोदरपणात चालू राहिली तर बाळाचं वजन कमी भरतं. मात्र "व्यसन आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही"च येणार, आणि ते तिच्या लेखी खरंही असतं. "सकाळी दात कशाने घासता? दुपारी परत लावता का?" असं विचारा, तेही सासूबाई बाहेर असताना. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी असते, कारण निकोटीनने आतडं हलतं. कोमट पाणी, इसबगोल आणि साधी टूथपेस्ट एकाच दिवशी सुरू करून द्या, नाहीतर चौथ्या दिवशी डबी परत उघडते.

गम नवऱ्याला चालतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिग्रॅ, नाहीतर 2. आधी पंधरा मिनिटं चहा नको, आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. हळू चावायचा, झणझण लागली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. च्युइंगगमसारखा चघळला तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि "गमचा उपयोग नाही" म्हणून माणूस टपरीवर परत. बायकोला गम किंवा बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही तंबाखू सोडवायची औषधं, काहीही द्यायचं तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

लघवीची कोटिनिन तपासणी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: गम चालू असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड फक्त धूर पकडतो, मिश्री सुटून जाते. पत्रकाच्या तळाला क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा) 1800 11 2356 हा मोफत नंबर टाका.