तीन मीटरच्या ग्लायडरला रेडिओ आणि सर्व्हो कोणते घ्यावेत?

प्रेषक: मीरामेसाकर
विषय: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या मेलांमध्ये हा वेगळाच विषय काढतेय, सांभाळून घ्या. माझी लेक नववीत आहे आणि फोमचं दोन मीटरचं रेडियन छान उडवते. आता तिला ओळखीतून तीन मीटरचं जुनं ग्लायडर मिळालंय. मोटर नाही, आत एकही सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग हलवणारं छोटं यंत्र) नाही. पंखांवर विमान डावी-उजवीकडे कलवणारे दोन एलेरॉन, वेग कमी करणारे दोन फ्लॅप आणि मागे दिशा बदलणारं रडर, नाक वर-खाली करणारं एलिव्हेटर. हे घेऊन तिला इथल्या, सॅन डिएगोच्या, टॉरी पाइन्सच्या समुद्रकड्यावर जायचंय.

रेडियनबरोबर आलेला रिमोट याला चालेल का? आणि नऊ ग्रॅमच्या सर्व्होंचं पाकीट ऑनलाइन स्वस्तात मिळतं, तेच सहाही ठिकाणी लावावेत असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे. पोवेकाका, तुम्ही यातले जाणकार आहात असं पिकनिकला कळलं होतं, म्हणून विचारते.

---

प्रेषक: पोवेकाका
विषय: उत्तर: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

अगं, सांभाळून काय घ्यायचं! मंडळातली एक मुलगी ग्लायडर उडवते हे वाचूनच फार आनंद झाला.

आधी थेट उत्तर देतो. तो रिमोट पुरणार नाही आणि ते पाकीट मागवू नका. रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर, एकदाच नीट खर्च करा, पुढची सगळी विमानं त्यावर उडतील. सर्व्हो मात्र सहा जागांचा सहा वेळा विचार करून घ्यायचे.

रेडियनला मोटर, रडर आणि एलिव्हेटर एवढंच असतं. या ग्लायडरला सहा चॅनल, म्हणजे दर सर्व्होला एक स्वतंत्र आज्ञा, लागतील, पण चॅनल मोजून रेडिओ निवडू नका. खरा प्रश्न मिक्सिंगचा, म्हणजे एका काडीने अनेक सर्व्हो एकत्र हलवण्याचा आहे. हे विमान इतकं गुळगुळीत असतं की ब्रेक नसेल तर उतरायचं नावच घेत नाही, जमिनीलगत तरंगत मैदान ओलांडून जातं. त्यासाठी क्रो ब्रेक लागतो. दोन्ही फ्लॅप जवळजवळ सरळ खाली, दोन्ही एलेरॉन थोडे वर, आणि नाक उचललं जाऊ नये म्हणून एलिव्हेटर किंचित खाली. हे सगळं डाव्या काडीवर, हवं तितकं आणि एकत्र व्हायला हवं. काडी पुढे असताना पंख साफ, मागे ओढली की ब्रेक. त्या काडीला थ्रॉटलचे खटके असतील तर ते काढून ती मऊ करून घ्या, ब्रेक थोडा थोडा देता यायला हवा.

दुसरी गोष्ट फ्लाइट मोडची. तीन टप्प्यांच्या एका स्विचवर वेग, नेहमीचं उड्डाण आणि थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेतलं उड्डाण. थर्मलमध्ये पंखाची मागची कड दोनेक मिलिमीटर खाली येते, वेगात अगदी किंचित वर जाते. तेव्हा दुकानात एवढंच विचारायचं, की याच्या मेनूत दोन एलेरॉन आणि दोन फ्लॅपचं ग्लायडर आहे का, फ्लाइट मोड आहेत का, आणि ब्रेकबरोबर एलिव्हेटरला वक्ररेषा देता येते का. स्पेक्ट्रम आणि फुटाबा या कंपन्यांच्या वरच्या मॉडेलांत हे तयार मिळतं. जेटी उत्तम, पण महाग. मी तुम्हाला रेडिओमास्टरचा एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिग्नल पद्धती जाणणारं मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असलेला रेडिओ सुचवेन. त्यात सगळं स्वतः जुळवावं लागतं, पण नववीतल्या मुलीला त्यात गोडी लागेल. शिवाय रेडियनमधला रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) स्पेक्ट्रमच्या डीएसएमएक्स पद्धतीचा असेल तर तेही त्याच रेडिओवर उडेल.

आता रिसीव्हर. इथे ग्लायडरचं नाक कशाचं आहे हे बघावंच लागतं. कार्बन फायबर आजच्या रेडिओंच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतं. जुनं विमान ७२ मेगाहर्ट्झच्या काळातलं असेल तर त्याची लांब अँटेना शेपटीकडून बाहेर सोडलेली असायची आणि नाक कार्बनचं असलं तरी भागून जायचं. आज तसं चालणार नाही. आजच्या रिसीव्हरच्या दोन अँटेनांपैकी प्रत्येकीच्या टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा भाग हाच खरा कामाचा, बाकीची वायर नुसती जोडणी. नाक काळं कार्बनचं निघालं तर ही दोन्ही टोकं बाहेर काढून एकमेकांशी काटकोनात चिकटवायची. काचतंतूचं किंवा पिवळसर केव्हलरचं असेल तर टोकं आतच राहू द्या.

सर्व्होंचं सविस्तर सांगतो, कारण विमानं इथेच फुटतात.

फ्लॅपला जोर आणि धातूचे गिअर हवेत. उतरताना खाली आलेला फ्लॅप गवतात अडकतो आणि तो सगळा झटका सर्व्होच्या दातांवर येतो. एलेरॉनला जोरापेक्षा प्ले (ढिलेपणा) नसणं महत्त्वाचं. कड्यावर विमान वेगात गेलं आणि सर्व्होत किंवा जोडणीत प्ले असला की एलेरॉन फडफडू लागतो. त्याला फ्लटर म्हणतात. आधी घुर्र असा आवाज येतो आणि काही क्षणांत बिजागरी किंवा गिअर जातो. एलिव्हेटरचा सर्व्हो दर वेळी नेमका त्याच मध्यबिंदूवर परत यायला हवा, नाहीतर ट्रिम कधीच बसत नाही. रडरला मात्र फार मागणी नसते. नऊ ग्रॅमचे स्वस्त सर्व्हो फोमच्या विमानात वाईट नाहीत, पण त्यांचे दात प्लॅस्टिकचे, दांडीला प्ले आणि मध्य सरकता. इथे ते नकोत.

पंखासाठी पातळ सर्व्हो येतात. हायटेकचा एचएस-१२५एमजी किंवा केएसटीचा एक्स१० सुमारे १० मिलिमीटर जाडीचे आहेत. मागवण्याआधी पंखातल्या खाचेची खोली व्हर्नियरने मोजा. एलेरॉनपाशी पंख पातळ होत जातो, त्यामुळे ती खाच वेगळी मोजा.

लावून झालं की रेडिओ चालू ठेवून एलेरॉनची मागची कड दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. सर्व्होची दांडी न हलता कड हलत असेल तर तो प्ले. सर्व्हो कितीही महाग असो, क्लेविसची (जोडणीच्या चिमट्याची) पिन भोकात सैल असेल तर पैसे वाया. पुशरॉड (सर्व्होपासून हलत्या भागापर्यंतची सळई) सर्व्होच्या दांडीच्या आतल्या भोकात घ्या आणि सर्व्होचा पूर्ण फेर वापरा. रेडिओतून फेर चाळीस टक्क्यांवर आणून हालचाल कमी करू नका, त्याने नेमकेपणाही जातो आणि जोरही. फ्लॅपला आणखी एक काळजी घ्यायची. तो वर अगदी थोडा आणि खाली ऐंशी-नव्वद अंश जातो, म्हणून फ्लॅप सरळ असताना सर्व्होची दांडी मध्यावर नको. खाली नेण्याच्या प्रवासाला जास्तीत जास्त जागा उरेल अशी कलती बसवा.

---

प्रेषक: चुलाव्हिस्टाकर
विषय: उत्तर: उत्तर: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

काका, बॅटरीचं राहिलं. दोन सेलची लायपो सरळ लावली तर चालेल का? आणि व्हॅरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र) घ्यावा का?

---

प्रेषक: पोवेकाका
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

बरं विचारलंस. दोन सेलची लायपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. सगळे सर्व्हो हाय व्होल्टेजचे असतील तरच ती थेट लावायची. एचएस-१२५एमजीसारखे ६ व्होल्टपर्यंतचे असतील तर पाच सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. ती जड असते, पण ग्लायडरच्या नाकात नाहीतरी वजन भरावंच लागतं. शिशापेक्षा तेवढी मोठी बॅटरी कधीही बरी.

व्हॅरिओ जरूर घ्या. वर जाणाऱ्या हवेत विमान शिरलं की सूर चढतो आणि मुलीला थर्मल कानांनी ओळखता येईल. पुढे मोटरवाल्या ग्लायडरांच्या एफ५जे स्पर्धेत उतरायचं झालं तर तिथे तो चालत नाही, तेव्हा नजरही तयार होऊ दे.

फेलसेफ विसरू नका. सिग्नल तुटला तर ब्रेक उघडून विमान जवळच खाली यायला हवं, सरळ तरंगत समुद्रावर जायला नको. रेडिओ रेंज चेकवर टाकून तीसेक पावलं लांब जा आणि सगळ्या पृष्ठभागांची हालचाल बघा, कार्बनच्या विमानात सगळ्या बाजूंनी. एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याची, नोंदणीही आहेच. २५० ग्रॅमच्या वरच्या मॉडेलला ती लागते, ५ डॉलरमध्ये ३ वर्षांची. नंबर विमानावर बाहेरून दिसेल असा लिहायचा. ट्रस्ट ही छोटी परीक्षा फुकट आहे. रिमोट आयडीचा (विमानाची ओळख रेडिओने प्रसारित करण्याचा) नियमही उडवण्याआधी वाचून घ्या.

टॉरी पाइन्सला मात्र घाई नको. समुद्राचा वारा तीनशे फुटांहून उंच कड्यावर आदळून वर चढतो, तिथेच पॅराग्लायडर आणि हँगग्लायडरही असतात, आणि कड्याच्या मागे हवा घुसळलेली असते. ब्रेक हाताला बसेपर्यंत सपाट मैदानावर हाय-स्टार्टने, म्हणजे ताणलेल्या रबराच्या दोरीने, उडवा. मग नक्की न्या. १९३० मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग माउंट सोलेदादवरून हॉली बोलसने बनवलेल्या ग्लायडरने याच किनाऱ्याने डेल मारपर्यंत गेला होता, हे लेकीला जरूर सांगा.

---

प्रेषक: मीरामेसाकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

काका, मनापासून आभार. लेकीने आजच मोजलं. फ्लॅपची खाच १३ मिलिमीटर, एलेरॉनची जेमतेम ९. नाक पिवळसर आहे, मागचा दांडा काळा.

---

प्रेषक: पोवेकाका
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: ग्लायडरसाठी रेडिओ आणि सर्व्हो, सल्ला हवा

मग नाक केव्हलरचं, रिसीव्हर पुढेच ठेवा, अँटेनाची टोकं दांड्याकडे जाऊ देऊ नका. फ्लॅपला एक्स१०, एलेरॉनला ८ मिलिमीटरचा एक्स०८. शेपटीचे दोन सर्व्हो पुढे नाकात बसतात की मागे, तेवढं बघून कळवा, मग त्यांचं ठरवू.